किनार फाडलेला लठ्ठा

वडिलांचं कापडाचं दुकान म्हणजे आठवडी बाजारात अंथरलेलं एक जाजम, थोडे तागे आणि एक लोखंडी गज. कऱ्हाडच्या अलीकडचं आमचं गाव. मी पाचवीत असताना त्यांचे गुडघे गेले, तागे खांद्यावर घेऊन हिंडायला माणूस हवा होता, म्हणून माझी शाळा सुटली. सुटली ती सुटलीच. अजूनही कुठं अर्ज लिहायची पाळी आली की माझ्या तळहाताला घाम फुटतो, तो तेव्हापासूनचा.

धंद्यातलं त्यांनी जे शिकवलं त्यातलं बरंचसं विसरलो. एक मात्र हातात बसून राहिलं. मयताला घालायचं शेवटचं कापड न्यायला कोणी आलं की वडील कात्री जाजमाखाली सारत. भाव कोणी विचारायचा नाही, यांनी सांगायचा नाही. कापड हातानं फाडायचं. आणि गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी एका बाजूची किनार बोटभर रुंद धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून काढायची.

मी एकदा विचारलं, "चांगली किनार कशाला फाडायची, आबा?"

"किनार असली की ते कापड. काढली की ते मेलेल्या माणसाचं. मग ते जित्या माणसाच्या अंगाला लागत नाही, कुणी विकायचं म्हटलं तरी विकलं जात नाही," ते म्हणाले. "दुःखाच्या घरात माणसाची नियत कशी फिरेल सांगता येत नाही. आपणच सोय करून ठेवावी."

आबा गेले, जाजम गेलं. रेल्वेतले एक लांबचे मेहुणे उज्जैनला होते, त्यांनी बोलावलं म्हणून मी आलो. मी पोचलो आणि पावसाळा सरायच्या आत त्यांची बदली झाली. "चल आमच्याबरोबर" असं ते म्हणाले, पण बहिणीनं माझी ट्रंक काही उचलायला घेतली नाही. मी ओळखलं आणि मागं राहिलो.

त्या दिवसांत मला सगळ्याची भीती वाटायची. इथली हिंदी झरझर बोलली जायची, मी अडखळलो की लोक "दक्खनी है" म्हणून हसायचे. हसण्यात वाईट काही नसायचं, पण मला ते रात्रभर पुरायचं. परत जायला गावाकडं घर नव्हतं आणि इथं राहायला पाचवीतून सुटलेल्या माणसाला काम नव्हतं. अशा वेळी दोन माणसांनी मला धरलं. त्यांचे उपकार सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरं नाही.

एक काकू. देवास गेटच्या आतल्या गल्लीत त्या मराठी नोकरदारांना जेवण घालत. त्यांच्या सासरचे पूर्वज कधीकाळी दरबारात कारकुनीला या मुलखात आलेले. काकूंनी स्वतः महाराष्ट्र पाहिलाच नव्हता. त्यांचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं आणि मग घरची आठवण.

"काय बघून राहिला आहेस? बस नं. पोळ्या थंड्या होऊन राहिल्यात," हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं. काम नाही हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "लागेल तेव्हा लागेल. तोवर विहिरीचं पाणी भर आणि इथंच धान्याच्या कोठीत पडत जा. उंदीर आहेत, पण तुझ्यापेक्षा जास्त भितात."

दुसरे वकीलसाहेब. शहरात वकील पुष्कळ, पण नुसतं वकीलसाहेब म्हटलं की माधवनगरातले ते एकच. खादीचं धोतर, अंगावर उपरणं, चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. महाराजांचं राज्य जाऊन आपलं राज्य आलं होतं, संस्थानं जोडून नवं राज्य नुकतंच बनलं होतं आणि चौकाचौकात सभा होत. अशाच एका सभेत वकीलसाहेब बोलता बोलता श्वास घ्यायला थांबले. मला वाटलं भाषण संपलं. मी एकट्यानंच बेंबीच्या देठापासून "जय" ठोकला. सगळा चौक हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वकीलसाहेब मात्र व्यासपीठावरून म्हणाले, "कोण रे तो? घाई झालीय त्याला. पण आवाज काय आहे! वर ये, बाळ, वर ये."

त्या दिवसापासून शहरातल्या त्यांच्या सभेचा पहिला "जय" माझा झाला. ते भाषण आटोपताना मान थोडी वळवून माझ्याकडं बघायचे आणि मी सुरू करायचो. शाळेत मला कोणी कधी पुढं बोलावलं नव्हतं.

कापडावर तेव्हा कंट्रोल होता. प्रत्येक वॉर्डाची पुरवठा समिती असायची. आमच्या वॉर्डाच्या समितीचे मुख्य वकीलसाहेबच. त्यांनी मला सहकारी भांडारात कापड फाडायला लावून दिलं. वकीलसाहेबांच्या पक्षाच्या लोकांनी रामघाटावर शिप्रेचं पाणी हातात घेऊन शपथ वाहिली होती, काळ्या बाजारातून सुईसुद्धा घेणार नाही. मीही ओंजळ भरली होती. शेजारी वकीलसाहेब गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं, आणि त्यामुळंच सगळं अवघड होतं.

भांडारात नेसायच्या कापडाला रांग असे आणि रांगेतले अर्धे लोक हात हलवत परत जात. लठ्ठा, म्हणजे ते जाड पांढरं कापड, तर दृष्टीला पडत नसे. त्यातला थोडा मयतीसाठी राखून ठेवलेला असायचा. घरात माणूस गेलं की वॉर्ड समितीची चिठ्ठी आणायची, चिठ्ठी पाहून मुनीमजी मान हलवायचे आणि मी आतून तागा आणायचो. पहिल्याच दिवशी मी कात्री बाजूला ठेवली, कापड हातानं फाडलं आणि किनार ओढून काढली. मुनीमजी माळव्याचे, जाडजूड, तोंडात कायम सुपारी.

"क्यों रे दक्खनी, मुर्दे से भी दलाली लेता है?"

मी कसंबसं सांगितलं, "हमारे यहाँ ऐसा करते हैं, मुनीमजी. फिर वो कपडा जिंदा आदमी नहीं पहनता."

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "अच्छा रिवाज है," एवढंच म्हणाले आणि मला करू दिलं. त्या पट्ट्या मी आत खिळ्याला अडकवून ठेवायचो. गठ्ठे बांधायला त्या उपयोगी पडत. काकूंच्या घरी मात्र मी त्यातली एकही नेली नाही.

वर्षभरानं असेल, मुनीमजी एका सकाळी माझ्याकडं न बघता म्हणाले, "अब किनारी मत फाडना. शिकायत आई है."

"किसकी?"

"ऊपर की."

मला नवल वाटलं. ज्याच्या दारात तिरडी बांधली जातेय तो किनारीची तक्रार घेऊन वरपर्यंत कशाला जाईल? पण विचारायची माझी छाती नव्हती. मी ठरवायचो, आज नाही फाडायची. लठ्ठा हातात आला की बोटं आपोआप कडेला जायची. मग मी पट्टी अरुंद काढायला लागलो, दोऱ्याएवढी, कोणाच्या लक्षात येऊ नये अशी. आबांची शिकवण राहावी आणि वरच्यांचा शब्दही राहावा, असा माझा हिशेब.

चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांत आता निराळे चेहरे दिसायला लागले होते. टांग्यातून उतरणारे, पान खाल्लेले, घाईत नसलेले. मी मनाची समजूत घालायचो. घरचा माणूस दुःखात असेल, शेजाऱ्याला पाठवलं असेल. शेजाऱ्यानं पान खाऊ नये असं थोडंच आहे?

काकूंकडं एक तारबाबू जेवायला यायचे. तारऑफिसातले, नागपूरकडचे, जिभेला हाड नाही. एकदा पानावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "का हो कापडवाले, तुमच्या वकीलसाहेबांच्या वॉर्डात यमानं मुक्काम ठोकलाय का?"

"का बरं?"

"नाही, आमच्या वॉर्डात माणूस मेलं की रडण्याचा आवाज येतो. तुमच्याकडं मेलं की टांग्याचा येतो."

बाकीचे हसले. मी ताटावरून उठलो. वकीलसाहेब किती वेळा तुरुंगात गेले, त्यांनी घरदार कसं वाऱ्यावर सोडलं, मी काय काय बोललो ते आठवत नाही, आवाज मात्र सभेतला लागला होता. तारबाबू हात धुऊन शांतपणे म्हणाले, "ते तुरुंगात गेले तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, राजा. आता काय चाललंय ते बघ म्हणतोय."

"तुमच्यासारख्या लोकांमुळं हा देश..." मी सुरू केलं.

"देश नंतर. आधी वरण संपव," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अन्नावरून उठायचं नाही. वकीलसाहेब काही तुझं जेवण जेवणार नाहीत."

ते लोक निघून गेल्यावर काकू गहू निवडत बसल्या आणि मी समोर भिंतीला टेकून. निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तू कफनाचं कापड देतोस नं रे? माझ्या वेळी एक कर. कोरं घाल. मी सोळाव्या वर्षी अशी झाले, तेव्हापासून जावेचं उतरलेलं, नणंदेचं उतरलेलं. माझ्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास कसा तो माहीत नाही पडला. जाताना तरी नवं पाहिजे. करशील नं?"

"काकू, हे काय बोलणं!"

"बोलणंच आहे. मरून थोडीच राहिले आहे आत्ता." आणि त्या हसल्या. मी हो म्हटलं. हातात दुसरं काही नव्हतं माझ्या, पण हे होतं. कापडाच्या दुकानात काम करणाऱ्याला एक कोरं कापड काय जड आहे?

पुढच्या थंडीत काकू छातीत कफ धरून आजारी पडल्या आणि एका सकाळी गेल्या. मागं जवळचं कोणी नव्हतं. एक पुतण्या ग्वाल्हेरला, त्याला तारबाबूंनी तार केली. बायका जमल्या, कोणीतरी बांबू आणायला गेलं. तारबाबू मला म्हणाले, "कापडाचं तू बघ."

मी पळतच भांडारात गेलो. चिठ्ठी नंतर आणतो, मला ओळखताच तुम्ही, असं मुनीमजींना सांगितलं. त्यांनी सुपारी चघळायची थांबवली.

"लठ्ठा नहीं है."

"मयतवाला, मुनीमजी. परसों तो मैंने..."

"परसों था. कल शाम उठ गया. सब."

"इतने लोग मरे?"

मुनीमजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत चीड होती की कीव, मला कळलं नाही. "तू सचमुच भोला है, या बनता है?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पटनी बाजार में मिल जाएगा. पिछले दरवाजे से."

मागच्या दारानं. शिप्रेचं पाणी हातात घेतलेला मी, मागच्या दारानं कसा जाणार? आणि काकूंना कोरं कापड म्हणून चोरीचं कसं घालणार? मी माधवनगरची वाट धरली. मनात एकच होतं, वकीलसाहेबांच्या कानावर घातलं की झालं. भांडारात कोणी चोर शिरला असेल तर तोही सापडेल.

वकीलसाहेब व्हरांड्यात लोकांच्या गराड्यात बसले होते. माझा चेहरा बघून ते उठूनच आले. माझं बोलणं धड होत नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या माउलीच्या हातचं मीही जेवलोय, चळवळीत लपून होतो तेव्हा. तू हो पुढं. कापड घेऊन मी स्वतः येतो. रडू नको, बाळ."

आणि ते खरंच आले. गल्लीत त्यांचा टांगा थांबला तेव्हा माणसं बाजूला झाली. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली घडी होती. आत येऊन त्यांनी काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. मग घडी माझ्या हातात दिली. "घरात होतं ते आणलं. कोरं आहे, पाण्यातसुद्धा घातलेलं नाही."

मी तारबाबूंकडं बघितलं. मला त्यांना दाखवायचं होतं, बघा, हे आहेत आमचे वकीलसाहेब.

कागद काढला. पांढरा लठ्ठा, खळीचा वास. मी घडी उलगडली, आणि सवयीनं किनार ओढायला कडेवर बोटं नेली.

किनार नव्हती.

दुसऱ्या बाजूला पाहिलं, तिथं किनार होती, मिलचा निळा दोरा होता. या बाजूला नव्हता. कडेला बारीक दशा निघालेल्या होत्या, दोऱ्याएवढी पट्टी ओढल्यावर निघतात तशा. उज्जैनमध्ये असं कापड फाडणारं दुसरं कोणी नव्हतं. ते मी फाडलेलं होतं. भांडारात, कोणाच्या तरी मयतीच्या चिठ्ठीवर. आणि ज्याच्यासाठी फाडलं तो मेला असता, तर हे कापड त्याच्याबरोबर जळून गेलं असतं.

"काय झालं?" तारबाबूंनी हलकेच विचारलं. ते माझ्या हाताकडं बघत होते.

सगळे थांबले होते. बायकांनी काकूंना न्हाऊ घातलं होतं. त्या ओल्या केसांनी जमिनीवर थंडीत पडल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर तेच, जावेचं उतरलेलं. कापड परत दिलं असतं तर त्या त्यातच गेल्या असत्या. त्यांनी माझ्याकडं काय मागितलं होतं ते मला एकट्याला माहीत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "कोरं आहे."

मी ते काकूंना घातलं. फाडलेली बाजू खाली घेतली. पुतण्या पोचला नाही, म्हणून मडकं मीच धरलं. वकीलसाहेब घाटापर्यंत पायी चालत आले, खांदासुद्धा दिला. लोक म्हणत होते, केवढा मोठा माणूस, एका खाणावळवालीसाठी! मीही ते ऐकत चाललो होतो.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. व्हरांड्यात ते एकटेच होते. बसायला नव्या गाद्या, लोडांना नव्या पांढऱ्या खोळी. खोळींच्या शिवणी मला दिसत नव्हत्या, पण मी त्यांच्याकडंच बघत होतो.

"वकीलसाहेब, ते कापड कोणाच्या मयतीचं होतं?"

त्यांना आधी समजलं नाही. मी किनारीचं सांगितलं, आबांचं सांगितलं. ते ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते जरासे हसले.

"म्हणजे किनार फाडणारा तू होय! मला वाटलं मुनीम गाढवपणा करतोय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बस. हे बघ, बाळ. पक्षाचं कार्यालय चालवायचं, माणसं येतात-जातात, अधिवेशनं होतात, छत लागतं, बिछायत लागते. नियमानं मागितलं तर वर्षभर कागद फिरतो. आणि जे आपल्यासाठी राबले त्यांच्या लेकीबाळींच्या लग्नाला काहीतरी नको? आम्ही तरुणपण तुरुंगात घातलं. कोणासाठी?"

"पण जिवंत माणसांच्या नावानं..."

"मेली का ती?" ते म्हणाले. "उलट, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. त्यांचं भलंच केलं आपण."

ते विनोद करत होते. मला हसवायला बघत होते, त्या पहिल्या सभेत मला सावरून घेतलं होतं तसे. मी म्हणालो, "काकू गेल्या तेव्हा भांडारात कापड नव्हतं."

"मग मिळालं ना तुला? कोणी आणून दिलं?"

"तुम्ही."

"झालं तर मग."

शिकलेला असतो तर याच्यावर कदाचित उत्तर सुचलं असतं. खरंच त्यांनीच आणून दिलं होतं. आणि खरंच त्यांच्यामुळंच ते भांडारात नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि त्या माणसानं मला अन्नाला लावलं होतं.

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. मीच मुनीमजींना म्हटलं, मला रॉकेलकडं टाका. मुनीमजींनी कारण विचारलं नाही. तारबाबूही कधी "बघ, मी म्हणालो होतो" असं म्हणाले नाहीत. त्यांनी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. रस्त्यानं जाताना मात्र मला एक खोड लागली. समोरून येणारा म्हातारा, पाण्याला निघालेली बाई, सायकलवरचा मास्तर, प्रत्येकाकडं बघून वाटायचं, काकूंना घातलं ते यांच्यापैकी कोणाच्या नावाचं? ते आपले चालत असायचे. कोणी मला ओळख दाखवून हसलं की मी मान खाली घालून रस्ता ओलांडायचो.

निवडणूक आली तेव्हा मत मी त्यांनाच दिलं. दुसरं कोणाला द्यायचं ते माहीत नव्हतं.

पुढं राज्यांची फेरमांडणी झाली, आमचं राज्य मोठ्या प्रदेशात मिसळून गेलं आणि राजधानी भोपाळला गेली. तोवर वकीलसाहेब मोठ्या पदावर पोचले होते. ते भोपाळला निघाले तेव्हा स्टेशनवर सगळं शहर लोटलं होतं. मी मागं उभा होतो, पण कोणीतरी मला ढकलत पुढं नेलं. सगळ्यांना माहीत होतं, पहिला "जय" माझा.

डब्याच्या दारात उभे राहून वकीलसाहेब चार शब्द बोलले. बोलणं आटोपत आलं तशी त्यांनी मान थोडी वळवून माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला. तोंड उघडलं. "जय" काही आला नाही. ते थांबले. गर्दी थांबली. मग माझ्या शेजारच्या कोणीतरी सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं.

गाडी हलायच्या आधी मी पुढं होऊन वाकलो. उपकार होते, नमस्कार करायलाच हवा होता. त्यांच्या पायांना हात लागण्याआधी माझी बोटं धोतराच्या कडेला लागली. मुद्दाम नाही. मी कड चाचपून पाहिली. किनार शाबूत होती.

मला हायसं वाटलं. एवढ्यावर हायसं वाटून घ्यायची पाळी माझ्यावर आली होती.